आधी वाचन, मग प्रार्थना: रोजची शांतवेळ टिकवायची कशी

दर जानेवारीत आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) निदान दहा घरांत फ्रिजवर बायबल वाचनाचा तक्ता चिकटतो. फेब्रुवारीत त्याच तक्त्याच्या कोपऱ्यात दूधवाल्याचा हिशोब लिहिलेला दिसतो. मी ऐरोलीत राहते, रविवारी संध्याकाळी तरुणांचा बायबल अभ्यास घेते, आणि शांतवेळेबद्दल, म्हणजे रोज एकट्याने बायबल वाचून प्रार्थना करण्याबद्दल, वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकते: "ताई, सुरुवात होते, पण टिकत नाही."

खोदून विचारलं की बहुतेकांची गोची एकच निघते. आधी प्रार्थना उरकली जाते, म्हणजे मागण्यांची यादी वाचली जाते. मग वेळ उरला तर बायबल उघडायचं, आणि जे पान उघडेल त्यावरचं एखादं वचन, म्हणजे आकडा दिलेली ओळ, वाचायचं. महिनाभरात यादी पाठ होते आणि वचनंही तीच तीच येऊ लागतात. मग कंटाळा येतो आणि कंटाळ्याची लाज वाटते. खालचा क्रम याच्या उलट आहे: देवाचं आधी ऐकायचं, बोलायचं नंतर. वाचनाला दहा-बारा मिनिटं आणि प्रार्थनेला तेवढीच, एवढ्यात बसतं.

## १. आदल्या रात्रीची तयारी

वेळ घड्याळाला बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. "सकाळी साडेपाच" हे रबाळ्याच्या एमआयडीसीत फिरती शिफ्ट करणाऱ्याला आठवडाभरही जमणार नाही. "आंघोळ झाली की, चहाच्या आधी" हे तिन्ही शिफ्टला जमतं. आमच्याकडे पावणेसहाला पाणी येतं. पिंप भरलं, नळ बंद केला की माझी वेळ सुरू. पाण्याने मला कधी दगा दिलेला नाही, अलार्मने खूपदा दिलाय.

जागेचं जरा अवघड आहे. मत्तय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात येशू प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावायला सांगतो. वन रूम किचनमध्ये पाच माणसं असली की दार असतं ते फक्त बाथरूमला. तेव्हा गॅलरी चालेल, गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याची वरची पायरी चालेल, सगळे झोपलेले असताना ओट्याजवळचं स्टूलही चालेल. मार्क १:३५ मध्ये, म्हणजे मार्कच्या पहिल्या अध्यायाच्या ३५व्या वचनात, येशू स्वतः अंधार असतानाच उठून घराबाहेर गेला. फक्त जागा रोज तीच ठेवा आणि घरच्यांना एकदा सांगून टाका. "आई जिन्यात बसली की हाक मारायची नाही" हे माझ्या मुलांना आठवड्यात कळलं. नवऱ्याला महिना लागला.

पुस्तक शक्यतो छापील घ्या. मोबाइलवरच वाचणार असाल तर आधी फ्लाइट मोड लावा, कारण बायबल उघडेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्ट बंद पडल्याचा मेसेज आलेला असतो. जवळ पेन्सिल ठेवा. पेनाची शाई बायबलच्या पातळ कागदातून मागच्या पानावर उमटते. आणि एक साधी वही.

तपासून घ्या: झोपण्यापूर्वी बायबल, वही आणि पेन्सिल ठरलेल्या जागी आहेत का? उद्याच्या परिच्छेदावर खूण घातली आहे का? सकाळी "आज काय वाचू?" हा प्रश्न पडला तर अर्धी वेळ त्यातच जाते.

## २. काय वाचायचं ते ठरवा, आणि उत्पत्तीपासून सुरू करू नका

तक्ते का फसतात याचा हिशोब सोपा आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, धरले तर जानेवारी संपता संपता तिसरं पुस्तक लेवीय येतं. तोवर निर्गमातली निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, फळ्यांची आणि पडद्यांची मापं वाचून माणूस दमलेला असतो, त्यात अर्पणांचे नियम समोर येतात. लेवीय वाईट पुस्तक नाही. ते पहिल्या महिन्यात वाचायचं पुस्तक नाही, इतकंच.

सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करा, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या गोष्टीपासून. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं, आणि त्यात गोष्ट थांबत नाही. रोज अख्खा अध्याय घेऊ नका, एक परिच्छेद घ्या. छापील मराठी बायबलमध्ये परिच्छेदांना मथळे दिलेले असतात. एका मथळ्यापासून पुढच्यापर्यंत, साधारण दहा-पंधरा वचनं, हे एका दिवसाचं वाचन. या गतीने मार्क दीड-दोन महिन्यांत होतो.

मथळे आणि आकडे मूळ लिखाणातले नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. अध्याय १३व्या शतकात पाडले गेले आणि वचनांचे आजचे आकडे १६व्या शतकातले. कधी कधी ते मधेच तोडतात. मार्क ९:१ हे खरं तर आठव्या अध्यायाच्या शेवटाशी जोडून वाचायला हवं. परिच्छेद अर्धवट वाटला तर बिनधास्त दोन वचनं मागे जा.

कॅथलिक वाचकांना इथे आयती सोय आहे. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, रोजची वाचनं ठरलेली असतात, त्यातलं शुभवर्तमान घ्या. ठाण्याची माझी एक ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक समाजातली) मैत्रीण तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टला सकाळच्या मिस्साला जाते. ती तो उतारा आदल्या रात्री घरी वाचून जाते, म्हणजे चर्चमध्ये तो दुसऱ्यांदा कानावर पडतो. तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आणि आमच्यात ६६, पण मार्क दोन्हीकडे सारखाच आहे.

सावधान: डोळे मिटून पान उघडणं आणि नववर्षाच्या उपासनेत उचललेल्या वचनाच्या चिठ्ठीवर वर्ष काढणं, या दोन्ही सवयी इथेच सोडा. चिठ्ठीत हमखास यिर्मया २९:११ येतं, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत ते. चिठ्ठीवर त्याच्या आधीचं वचन छापलेलं नसतं. ते वचन एका पत्रातलं आहे. यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलंय, आणि दहाव्या वचनात त्यांना सांगितलंय की सुटकेला सत्तर वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा. म्हाडाची लॉटरी लागावी म्हणून हे वचन फ्रिजवर लावणाऱ्यांनी अख्खं पत्र एकदा वाचावं. मला तर ते अख्खं वाचल्यावरच जास्त धीर देतं.

## ३. तीनदा वाचा, त्यातलं एकदा मोठ्याने

पहिल्यांदा सरळ वाचून काढा. दुसऱ्यांदा ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल इतपत मोठ्याने. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतो आणि रस्त्यावरच्या फिलिप्पाला ते ऐकू येतं. तेव्हा वाचन बहुधा मोठ्यानेच व्हायचं. डोळे जे शब्द गाळतात ते जिभेला गाळता येत नाहीत. तिसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचा.

तिसऱ्या वाचनात अर्थ काढायला धावू नका. आधी फक्त काय दिसतं ते टिपा: कोण कुठे आहे, कोण काय बोललं, काय दोनदा आलं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. मार्क १०:४६-५२, यरीहोबाहेरचा आंधळा बार्तीमय. सातच वचनं. आमच्या गटाने हे वाचलं तेव्हा पाच मिनिटांत सगळे म्हणाले, "विश्वासाने बरा झाला." बरोबर आहे, पण हे न वाचताही सांगता आलं असतं. मग पेन्सिली घेतल्या. एकीने दाखवलं की सुरुवातीला तो वाटेच्या कडेला बसलाय आणि शेवटी त्याच वाटेने येशूच्या मागे चाललाय. एकाने दाखवलं की जी माणसं त्याला गप्प बसवत होती, तीच जरा वेळाने "धीर धर, ऊठ" म्हणतायत. आणि तो उठताना अंगावरचं वस्त्र टाकून देतो. भिकारी माणसाकडे दुसरं काय असणार?

मग येशूचा प्रश्न येतो: मी तुझ्यासाठी काय करावं म्हणतोस? आंधळ्याला हे विचारायचं? इथे मी त्यांना पान न उलटता वर बघायला सांगितलं. त्याच अध्यायात, ३६व्या वचनात, येशूने हाच प्रश्न जब्दीच्या मुलांना, याकोब आणि योहानाला, विचारलाय. त्यांनी येशूच्या उजवी-डावीकडच्या मानाच्या खुर्च्या मागितल्या. त्यांना उत्तर मिळालं, तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही. आंधळ्याने डोळे मागितले आणि ते मिळाले. एकच प्रश्न, पंधरा वचनांच्या अंतराने, शिष्यांना आणि भिकाऱ्याला. वीस वर्षं हा उतारा ऐकलेली एक मामी म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." सांगायची गरजच नव्हती, तिच्या बायबलच्या त्याच पानावर होतं.

तपासून घ्या: वहीत आज "देव प्रेमळ आहे" यासारखं, कुठल्याही उताऱ्याखाली खपेल असं वाक्य लिहिलंय का? मग अजून एकदा वाचा. आजच्याच परिच्छेदातलं निदान एक निरीक्षण हवं.

## ४. शब्द अडला तर पुढे ढकलू नका

आपल्याकडच्या प्रचलित भाषांतराची मराठी जुनी आहे आणि काही शब्दांचे अर्थ आता बदललेत. वरच्याच अध्यायातलं ४५वं वचन घ्या. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांसाठी आपला जीव "खंडणी" म्हणून द्यायला आला, असं बऱ्याच मराठी बायबलांत आहे. ठाण्यात वाढलेल्या मुलाला खंडणी म्हटलं की बिल्डरला आलेला फोन आणि खंडणीविरोधी पथक आठवतं. एका पोराने मला प्रामाणिकपणे विचारलं, "मग देवाने गुंडाला पैसे दिले का?" इथला अर्थ गुलाम किंवा कैदी सोडवून घ्यायला मोजलेली किंमत. हे कळलं नाही तर अख्खं वचन डोक्यावरून जातं, आणि वाईट म्हणजे समजलंय असं वाटत राहतं.

अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा. मग तेच वचन दुसऱ्या मराठी भाषांतरात बघा. तरी उलगडलं नाही तर वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून ठेवा आणि रविवारी पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारा. "कोणी सांगितल्याशिवाय मला कसं समजणार?" असं तो खजिनदारही म्हणाला होता. यूट्यूबवर शोधायला मात्र सकाळी जाऊ नका. एका शब्दासाठी गेलेला माणूस चाळीस मिनिटांनी जगाच्या अंताच्या तारखा ऐकत असतो.

## ५. आता प्रार्थना, आणि तीही वाचलेल्यातून

बायबल मिटू नका, उघडंच ठेवा. बहुतेक जण इथे चुकतात. पुस्तक मिटलं की जुनी यादी परत सुरू होते.

पहिलं मिनिट गप्प बसा. दुसऱ्या मिनिटापासून उताऱ्यालाच उत्तर द्या. बार्तीमयाच्या दिवशी आम्ही येशूचा प्रश्न वहीत लिहिला आणि प्रत्येकाने त्याखाली एका ओळीत उत्तर लिहिलं. महापेला बीपीओत असलेल्या एकाने लिहिलं, "नोकरी पक्की व्हावी." ते लिहून तो ओशाळला, म्हणाला की काहीतरी आध्यात्मिक लिहायला हवं होतं. कशाला? बार्तीमयाने आडवळण न घेता डोळेच मागितले. नोकरी हवी असेल तर नोकरी मागा. फक्त नंतर स्वतःला विचारा की ही मागणी डोळ्यांची आहे की खुर्चीची.

कुठून सुरू करावं हेच सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, घ्या, पण एका दमात म्हणू नका. तिच्यातला क्रम बघा. देवाचं नाव, देवाचं राज्य, देवाची इच्छा, आणि चौथी मागणी रोजच्या भाकरीची. आपण थेट भाकरीपासून सुरू करतो. प्रत्येक मागणीपाशी थांबून आजच्या दिवसातलं एक वाक्य जोडा. "तुझी इच्छा पूर्ण होवो" यानंतर "आज साहेबांशी बोलताना" असं म्हणायला जीभ अडखळली तर समजा की प्रार्थना सुरू झाली.

कबुलीही नेमकी करा. "माझ्या सर्व पापांची क्षमा कर" हे सोपं आहे, काही खर्च होत नाही. "काल रात्री सासूबाईंना मुद्दाम टोचून बोलले" हे कठीण आहे. त्यानंतर सासूबाईंसाठी चहा ठेवावा लागतो.

सावधान: व्यासपीठावरची मराठी घरी आणू नका. "हे परमपवित्र, परमदयाळू, कृपावंत पित्या" असं म्हणताना तीन विशेषणांनंतर मन कुठे गेलं ते बघा. आणि प्रत्येक वाक्यात दोनदा "प्रभू" घालणं म्हणजे श्वास घ्यायला जागा शोधणं आहे. आईशी बोलता त्या भाषेत बोला. शब्द संपले तर गप्प राहा.

## ६. इतरांसाठी: वहीत नावं, ओठांवर कमी

वहीचं मागचं पान आडवं घ्या. तारीख, नाव, विनंती, आणि एक रिकामा रकाना. आठवड्याच्या सहा दिवसांत नावं वाटून टाका, रोज चार-पाचच. रिकाम्या रकान्यात पुढे काय झालं ते लिहा, "नाही झालं" हेही लिहा. फक्त मिळालेली उत्तरं टिपली तर वही साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायला, बरी दिसते, पण ती खरी राहत नाही.

आता माझी एक चूक. काही वर्षांपूर्वी एका घरगुती प्रार्थना सभेत मी एका ओळखीच्या मुलीच्या मोडलेल्या लग्नासाठी मोठ्याने, नाव घेऊन प्रार्थना केली. मनापासून केली. तिने ही गोष्ट फक्त मला सांगितली होती. आमेन म्हणायच्या आत ती बारा घरांत पोचली होती. मी माफी मागितली, तिने केलीही, पण त्यानंतर तिने मला कधी काही सांगितलं नाही. तेव्हापासून नियम असा: त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट चारचौघांतल्या प्रार्थनेत येणार नाही. देवाला नाव सांगावं लागत नाही.

## ७. एक ओळ सोबत न्या

ऐरोली ते ठाणे लोकलला जेमतेम दहा मिनिटं लागतात आणि सकाळी हात वर करून मोबाइल धरायलाही जागा नसते. वाचायचा अट्टाहास सोडा. सकाळच्या परिच्छेदातली एक ओळ चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि गर्दीत ती मनात घोळवा. ती वचनाची इमेज करून सकाळी सहाला पाच ग्रुपवर पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिला शांतवेळ म्हणू नका.

## ८. घरची प्रार्थना लहान ठेवा

घरची प्रार्थना दहा मिनिटांची, जेवणाच्या आधी. नंतर ठेवली तर पोरं पेंगतात आणि मोठ्यांचा डोळा मालिकेच्या वेळेवर असतो. एक गाणं, सकाळच्या परिच्छेदातली चार वचनं, प्रत्येकाचं एक वाक्य. वाचायला सर्वांत लहान वाचता येणाऱ्याला द्या. तो अडखळेल, आणि त्याने सगळे आपोआप हळू ऐकतील. मुलांना ओरडायचं काम प्रार्थनेतून करू नका. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे" हे त्याच्यासमोर म्हणणं म्हणजे डोळे मिटून दिलेली शिवीच, आणि मुलाला ते बरोबर कळतं.

## ९. खंड पडला, किंवा काहीच वाटेनासं झालं

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

दिवस बुडाला तर भरपाई करायची नाही. तापाने चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी पाच परिच्छेद वाचू नका. ज्या खुणेवर थांबला होता तिथूनच उचला. यात तारखांचा तक्ता नाही, त्यामुळे मागे पडण्यासारखं काही नाही.

वाचूनही आत काहीच हलत नसेल तर मार्क आठवडाभर बाजूला ठेवा आणि स्तोत्र १३ घ्या. सहा वचनांच्या त्या स्तोत्रात "किती काळ?" हाच सवाल चारदा येतो, आणि तो देवालाच केलेला आहे. स्तोत्र ८८ त्याहून पुढचं, ते अंधारातच संपतं. तक्रार करायला नको म्हणून खोटी स्तुती करणाऱ्यांना ही दोन स्तोत्रं मी मुद्दाम वाचायला देते.

सावधान: झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरकडे जा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा, कुणाला तरी सोबत घेऊन. "विश्वास कमी पडतोय" असं कुणी म्हटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. प्रार्थना गोळी घेऊनही करता येते.

## १०. मार्क संपल्यावर

सोळाव्या अध्यायात आठव्या वचनानंतर बऱ्याच बायबलांत कंस किंवा टीप दिसेल. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो: कबर रिकामी, आणि स्त्रिया इतक्या घाबरलेल्या की कुणाला काही सांगत नाहीत. त्या वचनावर एक पूर्ण दिवस थांबा, ९ ते २० दुसऱ्या दिवशी वाचा.

पुढे फिलिप्पैकरांस पत्र घ्या, चारच अध्याय आहेत. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये. उत्पत्ती त्यानंतर. रविवारी एक स्तोत्र. १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं (वर चढून जातानाची गाणी) बहुतेक छोटी आहेत, त्यांच्यापासून सुरू करा. लेवीय इब्री लोकांस पत्राच्या शेजारी ठेवून वाचा, मग त्यातले याजक (पुरोहित) आणि अर्पणं कशासाठी होती ते दिसायला लागतं. आमचा गट तिथे तिसऱ्या वर्षी पोचला. वहीच्या शेवटच्या पानावर तेव्हा एकेचाळीस प्रश्न साठले होते, त्यातले नऊ अजून तसेच आहेत.